गायीपुढचे वादन

हाँगकाँगच्या कँटोनीज बोलण्यात मधूनच अभिजात लिखित चिनीतला एखादा चार अक्षरी वाक्प्रचार येतो, आणि त्यांपैकी ‘तोय ङाऊ थान खम’ हा मला विशेष आवडतो. त्याचा शब्दशः अर्थ ‘गायीपुढे खम वाजवणे’ असा आहे. खम म्हणजे सात तारांचे प्राचीन चिनी वाद्य. आपल्याला लगेच गाढवापुढची गीता आठवते, आणि रोजच्या वापरापुरते ते बरोबरही आहे, कारण ऐकणाऱ्याला काही कळत नाही अशी तक्रार करतानाच लोक हा वाक्प्रचार वापरतात.

मूळ कथेचा रोख मात्र वेगळा आहे. बौद्ध धर्माची बाजू मांडणाऱ्या ‘मौझी’ या प्राचीन चिनी ग्रंथात ती येते. कुंग मिंग यी नावाचा वादक गायीपुढे एक उत्तम रचना वाजवतो, पण गाय चरतच राहते. तिला ऐकू येत नाही असे नव्हे, ते सूर तिच्या कानांना रुचणारे नाहीत, असे ग्रंथकार स्पष्ट म्हणतो. मग वादक डासांची गुणगुण आणि एकट्या वासराचे हंबरणे वाजवतो, तेव्हा गाय शेपटी हलवते, कान टवकारते आणि ऐकू लागते. कन्फ्यूशियसचे ग्रंथ मानणाऱ्यांना उत्तर देताना आपण बौद्ध सूत्रांऐवजी त्यांच्याच ग्रंथांचे दाखले का देतो, हे सांगण्यासाठी मौझीने ही कथा योजली आहे. रूढ वापरात तिचा हा उत्तरार्ध गळून पडला आणि सगळा दोष गायीच्या माथी आला, हे मला अन्यायाचे वाटते.

वापरताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. समोरच्याला उद्देशून हा वाक्प्रचार उच्चारणे म्हणजे त्याला तोंडावर मूर्ख म्हणणे. म्हणून तो बहुधा तिसऱ्याविषयी बोलताना येतो: ‘त्याला समजावणे म्हणजे निव्वळ तोय ङाऊ थान खम.’ शिवाय, दोघांनाही एकमेकांचे बोलणे कळत नसेल, तर तो चुकीचा ठरतो. त्यासाठी बोलीत ‘कय थुंग आप कोंग’ आहे: कोंबडी बदकाशी बोलते. त्यात कोणीच शहाणा नसतो, त्यामुळे तो हसत हसत आणि समोरासमोरही म्हणता येतो.