ट्रॅम्पसला नवरीचा झगा

रंगीत तालमीच्या दिवशी दुपारी नायकाच्या चॅप्स निघेनात. चॅप्स म्हणजे काउबॉय पँटवरून बांधतात ती चामडी पायघोळ कातडी, मागून उघडीच असते. बर्लेस्कला, म्हणजे कपडे उतरवत केलेल्या विडंबनाच्या खेळाला, याहून सोयीचा पोशाख नाही. पण स्पर्सचं, म्हणजे बुटाच्या टाचेला लावायच्या आरीचं, चाक जाळीच्या मोज्यात अडकलं आणि वायोमिंगचा तो देखणा वीर एका पायावर उड्या मारत विंगेत शिरला. मी स्पर्सची चाकं काढून त्या जागी गुळगुळीत पितळी बटणं बसवली. वेल्क्रो मी वापरत नाही. त्याचा फर्रकन आवाज झाला की सगळी नजाकत गेली. टिचबटणं लावायची आणि ओढायच्या कडेला बोटाला अंधारात सापडेल असा एक मणी शिवायचा.

शिकागोतल्या आमच्या छोट्या मंडळीनं ओवेन विस्टरच्या १९०२ सालच्या 'द व्हर्जिनियन' या काउबॉय कादंबरीचं क्विअर, म्हणजे समलिंगी नजरेतून केलेलं, बर्लेस्क करायला घेतलं होतं. कपडेपट माझ्याकडे. पुढच्या कितीतरी वेस्टर्न सिनेमांचा साचा या कादंबरीनं घालून दिला. पुस्तक अर्पण केलंय तेव्हाचे अमेरिकी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टना, म्हणजे मर्दानगीवर सरकारी शिक्काच. एवढ्या भारदस्त पुस्तकाची थट्टा का, असं विचारणाऱ्यांना मी सांगतो की बर्लेस्क मुळात त्यासाठीच होतं. १८६८ साली लिडिया थॉम्पसनची मंडळी इंग्लंडहून न्यूयॉर्कला आली, ती पुराणकथांची विडंबनं घेऊन, आणि त्यात बायकाच पुरुषांच्या भूमिका करत. आणि गवळणीतली मावशी पाहत वाढलेल्या माझ्यासारख्याला यात नवल ते काय वाटणार!

गंमत म्हणजे आम्हाला फारसं काही घालावं लागलं नाही. पहिल्याच प्रकरणात पूर्वेकडून आलेला निवेदक मेडिसिन बो स्टेशनवर त्या धुळीनं माखलेल्या तरुणाला बघतो आणि सरळ लिहितो की मी नवरी असतो तर यालाच वरलं असतं, धुळीसकट. मग मी निवेदकाच्या करड्या सुटाच्या अस्तरात नवरीची ओढणी घडी करून शिवली. जाकीट उघडलं की ती खांद्यावरून खाली ओघळते. दुपारी ती पहिल्यांदा नीट उतरली तेव्हा प्रकाशयोजनावाली बाई वरून ओरडून हसली.

वाद झाला तो स्टीव्हवरून. स्टीव्ह नायकाचा जुना जिवलग. गुरं चोरताना सापडतो आणि त्याला झाडाला लटकवणाऱ्यांत नायकच पुढे असतो. शेवटच्या रात्रीही स्टीव्ह त्याच्याशी एक शब्द बोलत नाही. मागाहून निवेदकाला वर्तमानपत्रावर त्यानं पेन्सिलीनं लिहिलेल्या ओळी सापडतात: जेफ, निरोप घेतो, तुझ्याशी बोललो असतो तर लहान मुलासारखा रडलो असतो. अख्ख्या कादंबरीत नायकाला नाव नाही. 'जेफ' म्हणायचा तो एकटा स्टीव्ह. आणि हा दगडासारखा माणूस त्याच्यासाठी रडतो.

दिग्दर्शिकेला तिथे दोघांचा नाच हवा होता, फासाच्या दोरानं कपडे उतरवत. तालमीत करून पाहिला. खुर्च्यांत बसलेल्या आमच्याच माणसांनी सवयीनं शिट्ट्या वाजवल्या आणि स्टीव्हचं काम करणारा मध्येच थांबला. म्हणाला, मला हे जमणार नाही. नाटकात जीव घेणं चालतं, पण जमावानं काळ्या माणसांना झाडांना लटकवलं त्या या देशात दोर आणि झाड यांचा नाच होत नाही. त्याचं बरोबर होतं. तास गेला वादात. शेवटी उलटं करायचं ठरलं: इथे कुणी काही उतरवत नाही. नायक उघड्या अंगानं येतो आणि एकेक कपडा चढवतो, शर्ट, वेस्ट, रुमाल, चॅप्स, पट्टा. जेफ संपतो, व्हर्जिनियन तयार होतो. मी टिचबटणांऐवजी खरी काजं-बटणं घातलेला दुसरा शर्ट काढून दिला. बटणं लावायला वेळ लागला पाहिजे, बोटं चाचपडली पाहिजेत.

त्यामुळे पुढचा लग्नाचा नाच मात्र पचेना. नायकाची आणि व्हर्माँटच्या शिक्षिकेची, मॉलीची, हनिमूनची गंमत कापावी लागली. मॉलीचं काम करणारी चिडेल असं वाटलं होतं. तिनंच तोडगा काढला. म्हणाली, माझा नवरीचा झगा ट्रॅम्पसला, त्या खलनायकाला द्या. पुस्तकभर नायकावरून नजर न काढणारा दुसरा आहे कोण? खलनायक नवरीच्या वेषात पिस्तूल घेऊन द्वंद्वाला येणार, हे दिग्दर्शिकेला इतकं आवडलं की तिनं तिथल्या तिथे संगीत बदललं.

ट्रॅम्पसचे खांदे मॉलीच्या दुप्पट. रात्री पाठीत साटिनची रुंद पट्टी जोडली, कमरेला पिस्तुलाच्या पट्ट्यासाठी नाड्या शिवल्या आणि झग्याचा घेर बुटांच्या वर आणला. स्पर्स पुन्हा अडकायला नकोत.