प्रभुभोजनाचा ट्रे पुढे पाठवणारी माणसं

आमच्या चर्चच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून सगळ्यांनी भाकरी आणि द्राक्षरस घ्यायचा, आणि दर वेळी मागच्या बाकांवरची काही माणसं ट्रे जवळ आला की हळूच मान हलवून तो शेजाऱ्याकडे सरकवतात, भाकरीला हात नाही की प्याल्याला नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "मन शुद्ध नाहीये हो, उगाच दंड कशाला ओढवून घ्या." आपल्याकडे याला नम्रपणा समजतात, आणि पाळकसाहेबही (आमचे धर्मगुरू) फार काही बोलत नाहीत. मला मात्र हे अजिबात पटत नाही.

बायबलमधल्या ज्या वचनाची भीती घातली जाते ते 1 करिंथ 11:28, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातलं, माणसाने आत्मपरीक्षण करावं. पण आपण अध्याय थोडा मागून वाचतच नाही. करिंथात मंडळी एकत्र जेवायला जमायची आणि प्रत्येक जण आपापलं आधी उरकून घ्यायचा, एक जण पिऊन तर्र आणि दुसरा तिथेच उपाशी. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना तुम्ही लाजवता, म्हणून पौल चिडलाय. आणि या रागाच्या भरात परीक्षणाची गोष्ट येते, कुणाच्या मनात रात्री कुठला विचार आला याच्या चौकशीत नाही. वर तो म्हणतो परीक्षा करा आणि मग खा. मग घरी जा असं म्हणत नाही! शेवटी उपाय काय सांगतो तर जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट बघा. एवढंच.

आता आपलं नाताळचं प्रेमभोजन आठवा. पहिल्या पंगतीत कोण बसतं, मटणाच्या पातेल्याजवळ कुणाची ओळख असते, चर्चची साफसफाई करणाऱ्या बाईंची मुलं कधी जेवतात आणि तोवर काय उरलेलं असतं. हे कुणाला आत्मपरीक्षणात आठवत नाही. सिनेमा बघितला, खोटं बोललो, प्रार्थना चुकली हे आठवतं. आणि लग्न जुळवताना तर विचारूच नका, बायोडेटावर ख्रिस्ती लिहिलेलं असतं तरी चहाचा कप खाली ठेवता ठेवता "तसे मूळचे कोणाकडचे तुम्ही?" हा प्रश्न येतोच, आणि तो गावाबद्दल नसतो हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि उत्तर देणाऱ्यालाही. बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या झाल्या तरी हे चालू आहे आणि तीच माणसं अंतःकरणाच्या शुद्धतेवर साक्ष देतात.

शुद्धतेचं वेड काय असतं ते वाचायचं असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढा, सुरुवातीलाच त्यांच्या वडिलांचं सोवळं आहे, बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, अगदी मीठसुद्धा. मीठ धुतल्यावर उरणार काय! आपण हसतो, कारण ते 'त्यांचं' सोवळं. खुद्द लक्ष्मीबाईंनी 1895 साली त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांचा बाप्तिस्मा झाल्यावरही सोवळं लगेच टाकलं नाही, त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 सालचा, आणि मधल्या काळात आत काय काय हलत गेलं ते त्यांनी स्वतःचीच थट्टा करत लिहिलंय. मार्कच्या शुभवर्तमानात 7 व्या अध्यायात येशू हेच बोलतो, बाहेरून आत जाणारं माणसाला विटाळवत नाही, आतून बाहेर येतं ते विटाळवतं, आणि मग यादी देतो त्यात चोरी, खून, व्यभिचार तर आहेतच पण लोभ, हेवा आणि अहंकारही आहे. आपण यादीचा निम्मा भागच पाठ केलाय बहुतेक.

दुसरं टोकही वाईटच. प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणारा मार्टिन ल्यूथर मठात असताना तासन्तास पापांची कबुली देत बसायचा, संपलं म्हणून उठायचा आणि एखादं राहिलं म्हणून परत यायचा, त्याची कबुली ऐकणारा श्टाउपिट्झसुद्धा वैतागायचा. सतत स्वतःलाच तपासणं हीसुद्धा स्वतःत गुंतून पडण्याचीच एक तऱ्हा आहे असं माझं मत, फक्त ती धार्मिक दिसते म्हणून कुणी टोकत नाही.

वसईकडच्या माझ्या एका कॅथलिक मैत्रिणीने मला जेझुइट संघ स्थापन करणाऱ्या संत इग्नाशियसची रोजच्या आत्मपरीक्षणाची पद्धत सांगितली. आम्ही प्रोटेस्टंट लोक अशा गोष्टींकडे जरा संशयानेच बघतो, पण ही मला एकदम आवडली कारण ती पापापासून सुरूच होत नाही. आधी देवाचे आभार, मग स्वतःकडे नीट बघता यावं म्हणून त्याच्याकडे मागणं, मग सकाळपासूनचा दिवस तासातासाने डोळ्यासमोर आणायचा, मग क्षमा मागायची आणि शेवटी उद्या काय सुधारायचं ते ठरवायचं. दिवस असा उलगडला की माणसं दिसायला लागतात, रिक्षावाल्याशी कसं बोललो, सासूबाईंचा फोन का कट केला, कामवाल्या मावशींनी उचल मागितली तेव्हा तोंड कसं केलं. 'मी पापी आहे' हे म्हणायला काय, सोपं आहे, मंडळीत सगळेच म्हणतात. मावशींचा चेहरा आठवला की मग जरा जड जातं.

बायबलमधल्या स्तोत्र 139 चा शेवटही असाच अडचणीत टाकणारा आहे. "माझी झडती घे" ही ओळ आपण फ्रेम करून हॉलमध्ये लावतो, पण तिच्या लगेच आधी स्तोत्रकर्ता म्हणतोय की तुझ्या वैऱ्यांचा मी अगदी मनापासून द्वेष करतो. आणि त्याच दमात माझं हृदय तपास म्हणतो, आणि झडती स्वतः घेत नाही, देवाला घ्यायला सांगतो. मला वाटतं त्याला स्वतःच्या रागाचा भरवसा वाटेना.

तर मागच्या बाकांवरच्या मंडळींनो, ट्रे पुढे सरकवू नका. ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याला शनिवारीच फोन लावा, मत्तयच्या शुभवर्तमानात 5 व्या अध्यायात अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जा असं स्पष्ट सांगितलंय. आणि पाळकसाहेब, प्रभुभोजनाआधी जी शांत प्रार्थना असते ती जेमतेम अर्धा मिनिट चालते आणि तेवढ्यात कीबोर्डवाला सुरू होतो. त्याला जरा थांबवता आलं तर बघा, आणि जाहीरही आधीच्या रविवारी करा की ज्यांचं ज्यांच्याशी बिनसलंय त्यांनी आठवडाभरात मिटवून या, म्हणजे फोन करायला निदान वेळ तरी मिळेल.