खेळणी विणायची तर हात आवळूनच चालवावा लागतो

माझी मावशी जुनी क्रोशेवाली, टेबलावरचे रुमाल, तोरणं, फ्रिजच्या हँडलची कव्हरं, सगळं करून बसलेली. पण मी विणलेला ससा हातात घेऊन ती पहिलं काय म्हणाली तर "अगं किती आवळून विणलंयस, बोटं दुखत नाहीत का?" दुखतात ना मावशी! पण रुमालाला जाळी दिसली की शोभा येते आणि सशाला जाळी दिसली की त्याच्या पोटात भरलेला फायबर बाहेर येतो, म्हणून लोकरीच्या लेबलवर ४ मिमीची सुई लिहिलेली असली तरी मी २.५ किंवा ३ चीच घेते. आणि उंच खांब वगैरे काही नाही, डोक्यापासून पायापर्यंत नुसते मुके खांब, म्हणजे क्रोशाचे बुटके, घट्ट टाके.

गंमत म्हणजे सगळं गणित सहाच्या पाढ्यावर चालतं. मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे दोरा ओढून आवळायच्या सुरुवातीच्या फासात, ६ टाके, पुढच्या फेरीत १२, मग १८, २४, असं दर फेरीला सहा वाढवत गेलं की सपाट चकती होते, वाढवणं थांबवलं की तीच चकती वाटीसारखी वर उभी राहते, आणि मग तसेच सहा सहा कमी करत आलं की झाला गोळा. फेरी जोडायची नसते, गोल गोल जात राहायचं, त्यामुळे सुरुवातीच्या टाक्यात मार्कर, म्हणजे खूण, हवीच. मार्कर विकत घ्यायलाच पाहिजे असं काही नाही, सेफ्टी पिन लावा नाहीतर वेगळ्या रंगाचा दोरा अडकवा. टाके कमी करताना टाक्याचे फक्त पुढचे फंदे, म्हणजे आपल्या बाजूचे धागे, उचलले की भोक दिसत नाही, हे एवढं एक शिकलात तरी खेळणं एकदम दुकानातलं दिसायला लागतं.

दोन सुयांवरही खेळणी होतात पण ती वीण ताणली जाते, भरलं की पसरते, त्यामुळे मी दोन सुयांवर फक्त सशाचे स्वेटर करते.

लोकर मी आमच्या नाशिकच्या मेन रोड, रविवार कारंजा भागात जाऊन घेते, ऑनलाइन रंग भलताच निघतो. ॲक्रिलिक स्वस्त पडतं, शिकायला तेच घ्या, पण त्यावर नंतर बारीक बोंडं (धाग्याच्या गोळ्या) येतात आणि नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये घामट हातांनी ते विणवत नाही, तेव्हा कॉटनच बरं. आत भरायला उशीतला कापूस नको, धुतला की गोळे होतात. पॉलिस्टर फायबर घ्यायचा आणि थोडा थोडा, कोपऱ्यापासून भरायचा.

खरा वेळ चेहऱ्यात जातो. डोळे दोन टाके खाली आले की बाळ दिसतं, वर गेले की एकदम मास्तर!! म्हणून आधी टाचण्या लावून लांबून बघते, मग पक्कं करते. तीन वर्षांखालचं मूल असेल तर प्लॅस्टिकचे डोळे अजिबात नाही, भले मागून ते घट्ट धरणारी चकती (वॉशर) असो, काळ्या दोऱ्याने भरतकाम करायचं.

सध्या द्राक्षाचा घड चालू आहे, ससे ऑक्टोपस सगळीकडे झालेत, नाशिककराने द्राक्षं नको का करायला? एकेक मणी म्हणजे ६, १२, १२, ६ एवढंच, पण शेवटी ते सगळे मणी शिवत बसणं म्हणजे... असो. तो बघून सोसायटीतल्या एका काकूंनी विचारलंच, "ऑर्डर घेतेस का, शंभरला देशील?" काकू, नुसती लोकर आणि फायबर धरा आणि वर माझ्या संध्याकाळी धरा, शंभरात कसं बसणार! बारशाला, वाढदिवसाला हौसेने देईन, पण विकायला काढलं की मग तोच ससा पन्नास वेळा विणायला लागतो आणि मला तर एकाच सशाचा दुसरा कान विणायचा कंटाळा येतो.