आमची वाटचाल : हरणाविना कस्तुरी

कस्तुरी, जवादी, अंबर आणि वाघ ही आमची चार अत्तरं. एकातही प्राण्याचा कण नाही, आणि हे आम्ही पहिल्या लेबलापासून ठळक छापत आलो. बाजाराने त्याची शिक्षाच दिली.

आमच्याच गल्लीतल्या एका दुकानाने 'अस्सल नेपाळी कस्तुरी' अशी सोनेरी पट्टी लावून माल काढला. फाया नाकाशी नेला तेव्हाच कळलं, डीईपी या स्वस्त द्रावकात पातळ केलेलं गॅलॅक्सोलाइड, म्हणजे कृत्रिम मस्क (कस्तुरीच्या वासाचं रसायन), दुसरं काही नाही. अहो, कस्तुरीमृगाच्या एका नराच्या ग्रंथीत साधारण 25 ग्रॅम कस्तुरी निघते, तिच्यासाठी लावलेल्या फासात माद्या आणि पिल्लंही मरतात, आणि 1972च्या कायद्यात कस्तुरीमृग पहिल्या अनुसूचीत आहे. खरी असती तर दोनशे रुपयांत कुपी आली असती का? पण गिऱ्हाईक 'अस्सल'कडे वळलं. वर ऐन दिवाळीच्या तोंडावर आमच्याचविरुद्ध निनावी तक्रार, की यांच्याकडे खरी कस्तुरी सापडेल! माल सील झाला, हंगाम बुडाला, तेलवाल्यांची उधारी थकली. तपासणीत निघालं इथिलीन ब्रासिलेट, कारखान्यात बनणारा मस्क, जे हरणाच्या ग्रंथीत नसतंच. कस्तुरीला वास देणारा मस्कोन 1906 साली वेगळा झाला, रसायनशास्त्रज्ञ रुझिच्कांनी 1926 मध्ये त्याची रचना उलगडली. अत्तरासाठी हरीण मारायचं कारण तेव्हाच संपलं होतं.

त्या वर्षी दुकान तगलं ते मोहम्मद अली रोडवरच्या आमच्या जुन्या गिऱ्हाईक चाचांमुळे. पुढच्या मालाचे पैसे त्यांनी आगाऊ दिले. कुपी उघडून ते कधीच भाव बोलत नाहीत. अत्तरात बुडवलेली कागदी पट्टी रात्रभर ठेवतात, सकाळी हुंगतात, मग बोलतात. कस्तुरी पारखायची ही एकच रीत, कारण तिचं काम बाकीचे वास उडाल्यावरही तळाशी टिकून राहण्याचं असतं.

आता आमच्या कस्तुरीचं सूत्र, लपवण्यासारखं काही नाही. 100 ग्रॅमला इथिलीन ब्रासिलेट 35, चंदनतेल 15, अम्ब्रेटोलाइड (हाही एक मस्क) 2, लताकस्तुरीच्या बियांचं तेल 1, पॅराक्रेसिल फिनाइलअॅसिटेटचं 10 टक्के द्रावण अर्धा ग्रॅम, बाकी आयपीएम, म्हणजे पातळ करायचं बिनवासाचं द्रव. काटा 0.01 ग्रॅमचा हवा. शेवटच्या रसायनाला तबेल्याचा वास असतो; एक ग्रॅम झालं की गिऱ्हाईक नाक मुरडतं, अजिबात नसेल तर कस्तुरीचा साबण होतो. बियांच्या तेलात मेदाम्लं असतात, थंडीत कुपीच्या तळाशी पांढरा गाळ धरतो. म्हणून तीन आठवडे मुरवायचं, दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवायचं आणि गार असतानाच गाळायचं. एकाच मस्कवर विसंबू नका, ठरावीक मस्क काही नाकांना येतच नाही. गॅलॅक्सोलाइड स्वस्त पडतं, पण पाण्यात लवकर विघटत नाही. प्राण्यांच्या नावाने विकायचं आणि नदीत सोडायचं, हे आम्हाला पटलं नाही.

'वाघ' मात्र छळतो. वाघाच्या हद्द आखण्याच्या फवाऱ्यात 2-अॅसिटाइल-1-पायरोलीन हे वासाचं द्रव्य असल्याचं कोलकात्याच्या रतनलाल ब्रह्मचारींच्या गटाने 1990 मध्ये दाखवलं. हाच वास बासमतीचा, आपल्या आंबेमोहराचा आणि अस्वलमांजर बिंटुराँगचाही. पण हे द्रव्य उघड्यावर तपकिरी पडतं आणि भाताचा वास उडून जातो. द्रावण करून फ्रीजरमध्ये ठेवावं लागतं, सर्वांत शेवटी, थेंबाच्या हिशेबाने घालावं लागतं. म्हणून 'वाघ' आम्ही 50 ग्रॅमच्या वर घोळत नाही आणि कुपीवर तारीख घालतो. वर्षभर टिकतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

आणि किनाऱ्यावर कुणी 'व्हेलची उलटी', म्हणजे खरं अंबर, घेऊन आलं, तर तिचा वास घ्यायलाही थांबू नका. स्पर्म व्हेल संरक्षित आहे, ती वस्तू नुसती बाळगणंही अंगाशी येतं. क्लॅरी सेज या झुडपातल्या स्क्लेरिओलपासून बनणारं, अंबराच्या वासाचं अंब्रॉक्सान पांढऱ्या खड्यांत, पक्क्या बिलावर मिळतं. आयपीएममध्ये ते गार विरघळत नाही. 50 अंशांच्या पाण्यात बाटली धरून हलवा, आणि एक टक्क्यापासून सुरुवात करा.