तुम्ही विचारलंत म्हणून: रोबोटच्या गाडीला मोटर कोणती?

“काका, रोबोटच्या गाडीला कुठली मोटर घेऊ? ३०० आरपीएमची चालेल का?”

नाशिकच्या सातपूरला मोटर रिवाइंडिंग करत आलो, त्यामुळे डिप्लोमाच्या पोरांपासून निफाडच्या द्राक्षबागाईतदारापर्यंत सगळे हा प्रश्न माझ्याकडे घेऊन येतात. दर वेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहितो.

आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे, हे सगळे विचारतात. गाडी अडली की मोटरचं काय होतं, हे फार थोडे विचारतात, आणि मोटर निवडायची असते ती त्याच वेळेसाठी. फरशीवर कुठलीही मोटर पळते. चाक उंबऱ्याला टेकलं, गाडी चढावर थांबली, मातीत रुतली, तेव्हा मोटर किती जोर लावते आणि किती करंट ओढते, हे दोन आकडे आधी शोधा. त्यांना स्टॉल टॉर्क आणि स्टॉल करंट म्हणतात.

करंट का वाढतो, ते समजून घ्या. डीसी मोटर फिरत असते तेव्हा तिचं आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करतं आणि बॅटरीला अडवून धरतं. शाफ्ट थांबला की हा अडसर गेला. मग करंटला रोखायला उरतो फक्त वाइंडिंगचा, म्हणजे आत गुंडाळलेल्या तारेचा, रेझिस्टन्स. १२ व्होल्टची मोटर आणि वाइंडिंग ४ ओहमचं असेल तर अडल्याबरोबर सरळ ३ अँपिअर. मोकळी फिरताना हीच मोटर त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही करंट घेत नाही. दुकानदाराकडे कागद नसला तरी हा आकडा तुम्हाला काढता येतो. मल्टिमीटर ओहमवर ठेवा, मोटरची दोन टोकं मोजा, क्षणभर सप्लाय देऊन थांबवा, पुन्हा मोजा. आर्मेचरला करंट पोचवणारे कार्बनचे ब्रश कुठे टेकलेत त्यावर रीडिंग थोडं बदलतं. त्यातलं सगळ्यात कमी धरा. व्होल्ट भागिले ओहम, झालं.

आता जोराचा हिशेब. समजा बॅटरीसकट गाडी ३ किलोची आहे, चाकं ६५ मिलिमीटरची आहेत आणि सोसायटीच्या पार्किंगचा पाच फुटांत एक फूट चढणारा रॅम्प चढायचाय. चढासाठी साधारण ६०० ग्रॅमची ओढ लागेल. घर्षण आणि सुरुवातीचा हिसका यांचे आणखी ३०० ग्रॅम धरा. एकूण ९०० ग्रॅम. याला चाकाच्या त्रिज्येने, म्हणजे सव्वातीन सेंटीमीटरने गुणा: जवळपास ३ किलो-सेंटीमीटर. दोन मोटरी असतील तर प्रत्येकीला दीड. पण स्टॉल टॉर्क दीडचा घेऊन चालणार नाही, कारण त्या आकड्याला मोटर फिरतच नसते. चौपट घ्या, म्हणजे ६. ती पिवळी प्लास्टिकची बीओ मोटर सहा व्होल्टवर पूर्ण अडल्यावरसुद्धा एक किलो-सेंटीमीटरच्या आसपासच राहते. रॅम्पवर ती का रडते, ते आलं लक्षात?

चौपट घेण्यात आणखी एक फायदा आहे, तो मला जास्त मोलाचा वाटतो. रबरी चाकाची पकड वजनाच्या साधारण सत्तर टक्के धरली, तर ३ किलोची गाडी फार तर दोन किलोच्या जोराने ढकलू शकते, तेही सगळं वजन चालत्या चाकांवर असेल तर. त्यापुढे चाक घसरतं. म्हणजे दोन्ही मोटरी मिळून सातच्या आसपास किलो-सेंटीमीटर लावू लागल्या की चाकं जागेवर फिरतात. तुमच्या मोटरींची ताकद मिळून १२ आहे. म्हणून गाडी भिंतीला भिडली तरी मोटर पुरती अडत नाही, चाक घसरतं आणि करंट स्टॉलच्या साठ टक्क्यांच्या आसपासच राहतो. चाक मोटरच्या आधी हरलं पाहिजे, एवढं बघा. अपवाद एकच: एक्सलला दोरा किंवा गवत गुंडाळलं तर चाक घसरायचा प्रश्नच नाही, तिथे मोटर पूर्ण अडते.

मग आरपीएम. ६५ मिलिमीटरचं चाक एका फेऱ्यात २० सेंटीमीटर जातं. १०० आरपीएमला मिनिटाला २० मीटर, ३०० ला ६०. घरात ६० मीटरने धावणारी गाडी सोफ्याखालीच सापडते. बाजारात जॉन्सन नावाने मिळणारी १२ व्होल्टची गिअर मोटर घ्या: एकाच जॉन्सन मोटरच्या मागे वेगवेगळे गिअरबॉक्स लावून १०० आणि ३०० आरपीएमचे नग बनतात; ३०० च्या तुलनेत १०० ला जवळपास तिप्पट टॉर्क मिळतो. सायकलचा गिअर चढावर हलका करतो, तसंच. मागची मोटर तीच असल्याने स्टॉल करंट मात्र दोन्हींचा सारखा. फरक इतकाच की १०० वाली तिथपर्यंत सहसा पोचत नाही. याच नादात १० आरपीएमची घेऊ नका. तिच्यावर छापलेला टॉर्क अफाट दिसतो, पण तेवढा जोर आला तर आधी गिअरचे दात जातात. आणि चाक मोठं लावाल तर वेग वाढेल, जोर त्याच प्रमाणात घटेल. हे विसरून लोक १३० चं चाक बसवतात.

चार चाकी, चार मोटरी, वळताना दोन बाजू उलट्या फिरवायच्या, असा बेत असेल तर प्रत्येक वळणाला चाकं आडवी घासतात, आणि मोटरीला खरा ताण चढापेक्षा तिथे येतो. पहिल्या गाडीला दोन मोटरी आणि पुढे एक कॅस्टर, म्हणजे कुठेही वळणारं मोकळं छोटं चाक, पुरे.

स्टेपर मोटर थ्रीडी प्रिंटरला शोभते, गाडीत नको. उभ्या जागीसुद्धा करंट खाते. ड्रोनच्या ब्रशलेसला मिनिटाला हजारो फेरे लागतात, तिला हळू चालणं जमत नाही. एन२० ही छोटी गिअर मोटर छान आहे, पण मुठीत मावेल अशा गाडीला.

निफाडच्या गड्याचं प्रकरण वेगळं. त्याला बागेच्या ओळींतून फिरून ठिबकच्या नळ्या बघणारी, कॅमेरा लावलेली, वीसेक किलोची गाडी हवीय. भुसभुशीत काळ्या मातीत वजनाच्या पाव ते तिसरा हिस्सा नुसता ओढायला लागतो. सहा किलो ओढ, एक फुटाचं चाक, म्हणजे ९० किलो-सेंटीमीटर. तिथे गाडीची १२ व्होल्टची वायपर मोटर घ्या. अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारावर पालिकेने २०१७ मध्ये बुलडोझर फिरवला, तरी जुनी वायपर मोटर नाशकात अजून मिळते. तिच्यात वर्म गिअर असतो, म्हणजे स्क्रूने दातेरी चाक फिरतं, पण चाकाने स्क्रू सहसा फिरत नाही; त्यामुळे सप्लाय बंद केल्यावरही गाडी सहसा उतारावर घसरत नाही. एक मात्र तपासा: बऱ्याच वायपर मोटरींची बॉडीच निगेटिव्ह असते. दोन मोटरी एकाच लोखंडी चेसिसवर कसल्या आणि एक उलटी फिरवली की चेसिसमधूनच शॉर्ट. मध्ये फायबरची पट्टी द्या, बोल्टलाही प्लास्टिकची बुशिंग घाला.

ड्रायव्हर, म्हणजे मोटरला करंट देणारा आणि उलटसुलट फिरवणारा बोर्ड, सगळ्यात शेवटी, आणि तो स्टॉल करंट बघून. लाल बोर्डाचा एल२९८एन सगळे उचलतात. एका बाजूला २ अँपिअर ही त्याची हद्द, शिवाय एका अँपिअरलाच दोनेक व्होल्ट तो स्वतः खातो. जॉन्सनचा स्टॉल करंट वरच्या उदाहरणासारखा ३ अँपिअर असेल तर तो पुरत नाही, बीटीएस७९६० लावा. त्यावर ४३ अँपिअर छापलंय, त्यावर जाऊ नका; तेवढा त्या छोट्या हीटसिंकवर निघणार नाही, पण तुमच्या कामाला भरपूर आहे.

९ व्होल्टचा चौकोनी सेल तर लावूच नका. मोटरने करंट मागितला की त्याचा व्होल्टेज बसतो, गाडीचा प्रोग्रॅम चालवणारा आर्डुइनो बोर्ड रीसेट होतो आणि पोरं प्रोग्रॅममध्ये चूक शोधत रात्र काढतात. १८६५० चे तीन लिथियम सेल सिरीजमध्ये घ्या, प्रोटेक्शन बोर्डासकट. बॅटरीच्या पॉझिटिव्ह वायरीत दुचाकीचा पात्याचा फ्यूज टाका, दोन जॉन्सनला ५ अँपिअरचा. ऑटो पार्ट्सच्या कुठल्याही दुकानात मिळतो, होल्डरसकट मागा.