पाला पडण्याआधी: ग्वाल्हेरची परसबाग आणि कोठीची खोली

ग्वाल्हेरात दव गोठण्याची पहिली रात्र बहुधा डिसेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येते. त्याला इकडे सगळेच, आम्ही मराठी मंडळीसुद्धा, पाला पडणे म्हणतो. बागेची तयारी त्या रात्रीच्या आठवडाभर आधी केली तरी निभावते. कोठीच्या खोलीला मात्र तेवढी सवड नसते, कारण तिचा खरा शत्रू धुके आहे, आणि ते पाल्याच्या आधीच येऊन बसते. एकदा धुके पडू लागले की कधी कधी सलग काही दिवस ऊन दिसत नाही आणि दिसले तरी दुपारी दोन-तीन तासांपुरते फिकट पडते. म्हणून ज्या ज्या पदार्थाला ऊन लागते त्याचे काम दिवाळी संपल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत उरकावे आणि मगच बागेकडे वळावे, असा क्रम मी ठरवून घेतला आहे.

दौलतराव शिंद्यांची छावणी 1810 च्या सुमारास येथे स्थिरावली आणि तिचेच पुढे लष्कर हे शहर झाले. त्या निमित्ताने इकडे आलेल्या घराण्यांनी वाळवणाचे पंचांग दख्खनेतूनच आणले: कुरडया, पापड, सांडगे, सांडगी मिरची हे सारे चैत्र-वैशाखाचे. इकडच्या थंडीने त्याला कार्तिक-मार्गशीर्षाचे दुसरे वाळवण जोडायला लावले आहे. त्यात लिंबाचे लोणचे सर्वांत आधी येते, कारण मीठ लावलेल्या फोडींची साल मऊ पडायला तीन-चार आठवड्यांचे ऊन हवे असते. बरणी चिनीमातीची, तोंडाला स्वच्छ दादरा, आणि सूर्य कलला की बरणी घरात, कारण संध्याकाळचा दमटपणा त्या फडक्यातून आत शिरतो. आवळे आवळीनवमीच्या आसपास मंडईत दिसू लागतात, पण मोरावळ्यासाठी थोडे थांबून भरलेले, पिवळसर झाक आलेले आवळे घ्यावेत. मेथी खुडून सावलीत, वारा लागेल अशा जागी वाळवावी. थेट उन्हात तिचा रंगही जातो आणि वासही. चैत्रात केलेले पापड, भाजणी आणि मेथकूट यांनाही याच दिवसांत एकदा ऊन दाखवून डबे पुसून परत भरावेत, नाहीतर धुक्याच्या दिवसांत पापड मऊ पडतात आणि मिठाला पाणी सुटते.

धान्यात बाजरीची गोष्ट वेगळी आहे. मुरैना, भिंड आणि ग्वाल्हेर हा बाजरीचाच पट्टा आहे आणि नवी बाजरी दिवाळीच्या सुमारास बाजारात येते, तेव्हा दाणे भरपूर भरून ठेवायला हरकत नाही. पीठ मात्र आठवड्याला पुरेल एवढेच दळून आणावे. बाजरीत स्निग्धांश बराच असतो आणि दळल्यावर तो हवेशी येऊन लवकर खवट होतो, त्यामुळे पीठ कडवट लागते. भोगीच्या भाकरीसाठी दळण आदल्या एक-दोन दिवसांतच आणावे, हे त्यामुळेच. तीळ आणि गूळ संक्रांतीची वाट न पाहता आधीच घ्यावेत. जानेवारीत गजक, म्हणजे इकडची तीळगुळाची कुटून केलेली खुसखुशीत मिठाई, करणाऱ्यांचीही मागणी असते. गजक स्वतः घरी करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. मुरैन्याचे लोक तीळगुळाचा गोळा ज्या ताकदीने कुटतात ते घरच्या खलबत्त्याचे काम नव्हे.

आता बाग. पाला कधी पडेल हे ओळखण्यासाठी वर्तमानपत्रातील तापमानापेक्षा आकाश अधिक उपयोगी पडते. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी हिवाळी पावसाची लाट, येऊन गेला, ढग आणि भुरभुर पाऊस सरला, दिवसभर वायव्येचा बोचरा वारा वाहिला आणि संध्याकाळी तो अचानक पडला, आकाश स्वच्छ, चांदण्या लख्ख, की ती रात्र धोक्याची समजावी. ढग असले तर गोधडी पांघरल्यासारखी जमिनीची ऊब खालीच राहते. ढग नसले की ती सरळ आकाशात निघून जाते आणि वारा नसल्याने वरची जरा उबदार हवा खाली मिसळत नाही. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, लाकडी पेटीत असतो. त्यावर पारा 3 किंवा 4 अंश दाखवत असला तरी गवताच्या पातीवर आणि टोमॅटोच्या पानावर शून्य गाठलेले असू शकते.

कोणाला झाकायचे आणि कोणाला नाही, हे आधी ठरवावे, म्हणजे धावपळ अर्धी होते. पालक, मेथी, मुळा, लसूण, कोबी यांना काही करावे लागत नाही, आणि गाजर तर थंडीत अधिक गोड होते. मटाराची वेल तग धरते, पण फुले आणि कोवळ्या शेंगा करपतात. टोमॅटो, वांगी, मिरची, पपई, केळ, अळू, नागवेल, जास्वंद, कढीलिंब आणि तुळस ही नाजूक मंडळी. तुळशीच्या मंजिऱ्या तुळशीच्या लग्नानंतर खुडून, चोळून, बी एका कागदी पुडीत ठेवून द्यावे. वृंदावनावर ओढणी पांघरूनही एखाद्या वर्षी तुळस जातेच, आणि मग फाल्गुनात तेच बी कामाला येते.

झाकण्याची पद्धत हा या साऱ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. पुष्कळ घरी पपईच्या शेंड्याला कापड गुंडाळून बुंध्याशी दोरीने आवळतात. त्याचा फायदा फार थोडा, कारण रात्री ऊब मिळते ती जमिनीतून आणि ती वाटच दोरीने बंद केलेली असते. आच्छादन जमिनीपर्यंत सैल सोडावे आणि कडेला विटा ठेवाव्यात. जुनी लुगडी, चादरी, गोणपाट हे सर्व चालते. प्लास्टिक वापरायचेच असेल तर आत बांबूच्या काटक्यांचा सांगाडा हवा, कारण जे पान प्लास्टिकला टेकते तेच सकाळी काळे पडलेले दिसते. लहान रोपांना सरकंड्याचा, म्हणजे बोरूसारख्या उंच गवताचा, आडोसा तीन बाजूंनी करून आग्नेय दिशा मोकळी ठेवण्याची इकडच्या शेतकऱ्यांची रीत उत्तम आहे: वायव्येचा वारा अडतो आणि सकाळचे ऊन आत येते. ऊन चढले की आच्छादन रोज काढायचे, संध्याकाळी पुन्हा घालायचे. याचा कंटाळा करणाऱ्याने मिरचीची आशा सोडावी.

गच्चीवरच्या कुंड्या जमिनीतल्या झाडांपेक्षा लवकर गारठतात, कारण त्यांची माती थोडी आणि चारही बाजूंनी उघडी असते. त्या कठड्याजवळून उचलून दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात, शक्य तर छज्ज्याखाली. आमच्या भागातील जुन्या घरांच्या भिंती वालुकाश्माच्या आहेत; दिवसभर तापलेला तो दगड रात्री उशिरापर्यंत कोमट लागतो. पाणी दुपारी द्यावे. ओली माती दिवसाची ऊब कोरड्या मातीपेक्षा अधिक साठवते आणि रात्री सावकाश सोडते. बुंध्याभोवती गव्हाच्या भुशाचा थर द्यावा, पण युरिया किंवा शेणखताचा जादा डोस नोव्हेंबरनंतर देऊ नये, कारण त्याने फुटलेली कोवळी पालवीच सर्वांत आधी जळते. कृषी विभाग शेतांसाठी विद्राव्य गंधकाची फवारणी आणि बांधावर धूर करणे सुचवतो. घरच्या दहा कुंड्यांसाठी मला फवारणीची गरज वाटत नाही, आणि धुराला तर माझा साफ विरोध आहे: त्याने ऊब अडते थोडी आणि धुक्यात कोंडून शेजाऱ्यांचा खोकला वाढतो पुष्कळ.

बाग आणि कोठी एकत्र येतात ती टोमॅटोच्या वेलावर. धोक्याच्या रात्रीच्या आदल्या दिवशी हिरवे टोमॅटोही काढून घ्यावेत, पण सगळे पिकत नाहीत. त्यांतला एक धारदार सुरीने आडवा कापून पाहावा. बिया सुरीखाली न कापता बाजूला सरकल्या, आणि आत बुळबुळीत गर तयार झालेला असला, तर त्या आकाराचे आणि तशीच पांढुरकी झाक असलेले बाकीचे घरात पिकतील. बिया कापल्या गेल्या तर ती रास चटणीची. पिकणारे टोमॅटो एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून, एकावर एक न रचता, स्वयंपाकघराच्या उबदार कोपऱ्यात ठेवावेत. फ्रिजमध्ये किंवा गार पडवीत ते पिकत नाहीत, नुसते लिबलिबीत होतात. दोन-तीन दिवसांनी कागद उघडून पाहावे आणि एखादा नासका निघाला तर लगेच काढावा. चटणीसाठीचे टोमॅटो फोडी करून तेलावर लसूण आणि हिरव्या मिरचीसह परतावेत, पाणी आटले की भाजलेले तीळ व दाण्याचे कूट घालून जाडसर वाटावेत. पाणी पुरते आटवलेली ही चटणी थंडीत आठवडाभर सहज टिकते.

खोबरेल तेल 24 अंशांच्या खाली गोठते, म्हणून नोव्हेंबरातच ते अरुंद तोंडाच्या बाटलीतून रुंद बरणीत काढावे. दह्याचे विरजण नेहमीपेक्षा थोडे जास्त घालून भांडे गव्हाच्या पिंपात खोचून ठेवले की सकाळपर्यंत दही लागते.

एवढे करूनही काही फांद्या करपतील. त्या काळ्या दिसतात म्हणून लगेच छाटू नयेत. करपलेली पाने खालच्या जिवंत डोळ्यांना पुढच्या गारठ्यापासून थोडा आडोसा देतात, आणि छाटणीमुळे नवे कोंब फुटले तर पुढचा पाला त्यांनाच गाठतो. कढीलिंबाची खोडे फेब्रुवारीच्या शेवटी नखाने खरवडून पाहावीत आणि जिथपर्यंत साल आतून हिरवी लागते तिथेच कात्री लावावी.