लांगझा: स्पितीतला ज्युरासिक समुद्र कसा पाहाल

हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात काझाहून वर चढलं की लांगझा लागतं. उंची साधारण ४,४०० मीटर, समोर चाउ चाउ कांग निल्डाचं बर्फाळ शिखर. बहुतेक गाड्या इथल्या बुद्धमूर्तीपाशी थांबतात आणि फोटो काढून हिक्कीमकडे निघतात. माझा आग्रह आहे की गावालगतच्या काळ्या, भुसभुशीत उतारांना निदान अर्धा दिवस द्या.

हा काळा दगड म्हणजे स्पिती शेल. १६ ते १४ कोटी वर्षांपूर्वी, भारत अजून दक्षिण गोलार्धात असताना, भारत आणि आशिया यांच्यामधल्या, आता नाहीशा झालेल्या टेथिस समुद्राच्या तळाशी साचलेला चिखल. तळाशी प्राणवायू कमी होता, त्यामुळे मेलेले अमोनाइट (कप्प्याकप्प्यांच्या वेटोळ्या कवचाचे, आता नामशेष झालेले समुद्री प्राणी) बुडाले ते तसेच गाळात गाडले गेले. त्यांच्याभोवती गाळ घट्ट होऊन गोटे तयार झाले. असा एक फुटलेला गोटा मी बराच वेळ पाहत बसलो. वेटोळ्यावरची प्रत्येक उभी रेघ बाहेरच्या कडेला पोचता पोचता दुभंगत होती, आणि कवच झिजलं होतं तिथे आतल्या कप्प्यांमधल्या पडद्यांच्या नागमोडी कडा उघड्या पडल्या होत्या. त्या कडांच्या नक्षीवरून अमोनाइटचे प्रकार ओळखता येतात. गंडकीचा शाळीग्राम पाहिलेल्यांना हे वेटोळं परकं वाटणार नाही. तोही याच समुद्रातला.

पण एकट्या अमोनाइटपेक्षा तो कोणत्या थरात आहे, हे जास्त बोलकं आहे. शेलच्या खाली फिकट, जाड थरांची किओटो चुनखडी आहे, म्हणजे उथळ, उबदार समुद्र. त्यावर शेल, म्हणजे पाणी खोल झालं. शेलच्या वर ग्युमलचा वालुकाश्म, म्हणजे जमिनीवरून वाळू येऊ लागली. एकाच डोंगरउतारावर समुद्राची चढउतार अशी क्रमाने वाचता येते. म्हणूनच गोटा उचलून खिशात घातला की त्याची निम्मी गोष्ट तिथेच पुसली जाते. उचलू नका, कुणी विकायला आणला तर घेऊही नका. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. स्टोलिच्का हा भूशास्त्रज्ञ १८६०च्या दशकात इथे पायी फिरला आणि थरांचा क्रम लावत गेला. हे खडक आपल्याला कळतात त्याचा पाया तिथे आहे. (पुढे १८७४ मध्ये लडाखात मोहिमेवर असतानाच तो गेला.)

जाणाऱ्यांसाठी: जून ते सप्टेंबर हा काळ बरा. मनालीहून कुंझुम खिंडीतून लवकर पोचता येतं, पण उंची अंगावर येते. किन्नौरकडून या, शरीराला सवय होते. काझात मुक्काम करून मगच लांगझाला चढा. डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर हट्ट न करता खाली उतरा. उतारावर शेल पायाखालून सरकतो, घट्ट पकडीचे बूट हवेतच. पाऊस पडून गेल्यावर उतारावर जाऊ नका.

जीवाश्म पाहायला सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तम. भर दुपारी रेघा दिसतच नाहीत. फोटोत मापासाठी पट्टी किंवा नाणं ठेवा आणि एक फोटो मागे सरकून, आजूबाजूच्या थरासकट काढा. शक्यतो गावातल्याच कुणाला बरोबर घ्या. कुठला उतार सुरक्षित आणि कुठे कुणाचं शेत, हे त्यांनाच ठाऊक असतं.

हाताशी वेळ असेल तर पिन खोऱ्यातल्या गुलिंगपर्यंत जा. तिथे पर्मियन काळाचा काळा शेल आणि त्यानंतरच्या ट्रायासिक काळाची चुनखडी यांच्यामध्ये गंजाच्या रंगाचा, लोहयुक्त, पातळ थर आहे. साधारण २५.२ कोटी वर्षांपूर्वी समुद्रातल्या बहुसंख्य प्रजाती नाहीशा झाल्या, ती सीमा इथे आहे. खालच्या आणि वरच्या खडकांतले जीव वेगळेच. हा थर नुसता शोधू गेलात तर सापडणं कठीण, म्हणून भूशास्त्रीय नकाशा आणि तो वाचता येणारा सोबती घेऊनच जा.